ऑगस्टात मरते, मे महिन्यात कळते

गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावात अंगणातला गुलाब बहुधा मे महिन्यात वाळतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतपा लागतो, पानांच्या कडा करपतात, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येतात आणि मृगाच्या पावसापर्यंत नुसती काडी उरते. मग निदान ठरलेलेच असते: इथले ऊन गुलाबाला सोसत नाही. हे निदान चुकीचे आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. शेवटचा धक्का ऊन देते हे खरे. पण त्याआधी नऊ महिने, श्रावण-भाद्रपदात, मुळांशी साचलेल्या पाण्याने ते झाड आतून खचलेले असते. हे एकदा पटले की अंगणासाठी गुलाब कुठला निवडावा, तो जमिनीत लावावा की जमिनीच्या वर, कलम आणावे की साधी काडी रुजवावी, उन्हाळ्यात पाणी किती घालावे, या सगळ्याच प्रश्नांची उत्तरे बदलतात.

मुळापासून सुरुवात करू. मूळ जिवंत राहण्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. धानाने यावर तोड काढलेली आहे: त्याच्या खोडातून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात, म्हणून ते उभ्या पाण्यात सुखाने वाढते. गुलाबाकडे असली सोय नाही. आता जमीन पाहा. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. ज्या मातीवर तो पडतो तिला पिढ्यान्‌पिढ्या पाणी धरून ठेवण्याचीच सवय लावलेली आहे. बांधीत दरवर्षी चिखलणी होते आणि त्यामुळे वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो; पाणी खाली मुरू नये हाच त्याचा उपयोग. माजी मालगुजारी तलाव, बोड्या, बांध्या ही सगळी व्यवस्था पाणी अडवण्यासाठी उभी राहिली आणि धानासाठी ती योग्यच आहे. सिहार असो, मोरंड असो की कन्हार, धानपट्ट्यातल्या गावाभोवतीची जमीन या व्यवस्थेचाच भाग आहे, आणि एखादी जुनी बांधी मोडून घर बांधले तरी अंगणाखालचा तो थर कुठे जात नाही. कन्हार तर पावसात फुगून पोकळ्या आणखीच बुजवते. गुलाबाला लागते ते नेमके याच्या उलट.

पण पाण्याने मुळे कुजली तर झाड तेव्हाच का मरत नाही? दिवाळीनंतर तेच झाड चांगली फुले देते, मग त्याला खचलेले कसे म्हणायचे? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर हिवाळ्यात आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा थंड असते. गोंदियाचे किमान तापमान कित्येकदा ७-८ अंशांवर येते. पानांतून पाणी कमी उडते, त्यामुळे अर्धीच मुळे शाबूत असली तरी झाडाचे भागते. नवी मुळेही फुटतात, पण ती फुटतात वरच्या चार-पाच बोटांच्या मातीत, कारण खालचा थर अजून घट्ट आणि हवेविना असतो. मार्च संपता संपता नेमकी हीच वरची माती आधी तापते आणि आधी सुकते. झाडाची पाण्याची गरज कैक पटींनी वाढलेली असते आणि ती भागवणारी मुळे सगळ्यात वाईट जागी असतात. ज्याला हे तपासायचे आहे त्याने मे महिन्यात वाळलेले झाड फेकून न देता उपटून पाहावे. केवळ उन्हाने मेलेल्या झाडाची मुळे कोरडी, पण टणक आणि खोलवर गेलेली दिसायला हवीत. इथे बहुतेक वेळा जाड मुळे काळपट, त्यांची साल बोटाने सहज सुटणारी, आणि बारीक तंतुमुळे फक्त वर वर पसरलेली सापडतात. उधळी दिसली म्हणून तिच्यावर खापर फोडण्याचीही घाई नको. ती मेलेल्या लाकडाकडे आधी येते.

रोग ओळखला की औषध म्हणून ‘कणखर’ जातीचा गुलाब आणावा, असे साहजिकच वाटते. इथे दुसरा घोळ आहे. परदेशी माहितीपत्रकांत गुलाबाचा कणखरपणा मोजतात तो थंडीने. अमेरिकेच्या कृषी खात्याने हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून प्रदेशांचे क्रमांक पाडले आहेत आणि झुडपी गुलाब त्या क्रमांकाच्या जोरावर विकला जातो. कॅनडाच्या सरकारी संशोधन केंद्रांनी ओटावा आणि मॉर्डन इथे अनेक झुडपी गुलाब तयार केले. ‘हेन्री हडसन’, ‘जॉन कॅबट’ ही त्यांतली नावे. बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा फुटणे हे त्यांचे कर्तृत्व. त्यांतल्या काहींच्या पूर्वजांत जपान-कोरियाच्या थंड किनाऱ्यावरचा ‘रोझा रुगोसा’ आहे. उणे २५ अंश सोसणाऱ्या झाडाचे कौतुक आहेच, पण जिथे कधी उणे एकसुद्धा होत नाही त्या गावाला त्याचा उपयोग शून्य. इथल्या कणखरपणाची कसोटी तिहेरी आहे: चार महिने ओले पान, दोन महिने मुळाशी पाणी, आणि त्यानंतर ४५ अंश. या कसोटीचा क्रमांक कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो.

तो क्रमांक आपल्यालाच काढावा लागेल, आणि त्यासाठी गुलाबाचे गोत्र पाहावे. कुठल्या गुलाबाचे पूर्वज पावसाळी उन्हाळ्यात वाढले आणि कुठल्याचे कोरड्या उन्हाळ्यात, हा भेद आपल्या कामाचा आहे. पश्चिम आशियातल्या गुलाबांना उन्हाळ्यात भिजणे ठाऊक नव्हते. तिथला पिवळा ‘रोझा फीटिडा’ याचे ठळक उदाहरण. १९०० साली फ्रान्समध्ये पेर्ने-द्युशे यांनी त्याच्या संकरातून ‘सोलेय द’ऑर’ हा गुलाब बाजारात आणला; आधुनिक गुलाबांत गडद पिवळा आणि केशरी रंग आला तो या वाटेने, आणि त्याच वाटेने काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याचा दुबळेपणाही आला. या रोगाच्या बुरशीला पानावर सुमारे सात तास सलग ओलावा मिळाला की तिचे बीज रुजते. आपल्याकडे जुलैत पान सात तास कोरडे राहिले तरी पुष्कळ. म्हणून श्रावणात पिवळे, केशरी, दुरंगी गुलाब आधी निष्पर्ण होतात, आणि पाने गेलेले झाड कुजलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे कशाच्या जोरावर घालणार? ‘देशी’ म्हणून मिरवणारा दमास्क गुलाबसुद्धा याच पश्चिमेकडच्या गोतावळ्यातला. अत्तर आणि गुलकंदासाठी त्याची शेती चालते ती पुष्करच्या कोरड्या हवेत, तिथे तो शोभतो. धानपट्ट्यात त्याला देशी म्हणणे भाबडेपणाचे आहे.

याउलट चिनी गुलाब, ‘रोझा चायनेन्सिस’, मध्य आणि नैर्ऋत्य चीनच्या डोंगरउतारांवरचा. तिथे पाऊस उन्हाळ्यातच पडतो, फक्त उतारावर तो साचत नाही, आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. बारमाही फुलणे हा गुण आजच्या गुलाबांना मुख्यतः या चिनी पूर्वजांकडून मिळाला. फुलणे आवरून धरणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसल्याने ते निकामी झाले आणि झाड ऋतू न पाहता फुलू लागले, हे २०१२च्या सुमारास सिद्ध झाले. ‘ओल्ड ब्लश’ या जुन्या चिनी गुलाबाचा संपूर्ण जनुकसंच २०१८ साली उलगडला. अठराव्या शतकाच्या शेवटी असे गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात पोहोचले आणि तिथल्या बागवानांनी त्यांचे दोन टोकांचे संकर केले. गंमत म्हणजे दोन्ही टोके फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या एकाच माणसाच्या हातून आली. गियो यांनी १८६७ साली ‘ला फ्रान्स’ आणला, ज्याला पहिला हायब्रिड टी मानतात: लांब दांडा, एकेक मोठे फूल, सगळा डौल त्या फुलात. १८७५ साली त्यांनीच ‘पाकरेत’ आणला, पहिला पॉलिअँथा: जपानी ‘रोझा मल्टिफ्लोरा’ आणि चिनी गुलाब यांच्या गोत्रातले गुडघ्याएवढे झुडूप, त्यावर छोट्या फुलांचे घोस. जगाने पहिल्याला डोक्यावर घेतले. धानपट्ट्याने दुसऱ्याकडे पाहायला हवे होते, कारण त्याच्या दोन्ही घराण्यांना पावसाळी उन्हाळ्याची ओळख होती.

पूर्वजांवरून वंशजाचा स्वभाव ठरवणे हा तर्क झाला; त्याला शेतातला पुरावा आहे का? आहे, आणि तो आपल्यासारख्याच तापणाऱ्या मुलखातला आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने ‘अर्थ-काइंड’ नावाने गुलाबांच्या चाचण्या घेतल्या, त्यांत डॅलसच्या आसपासची काळी चिकण माती होती, जी आपल्या कन्हारीची बहीण शोभावी. कीटकनाशक नाही, बुरशीनाशक नाही, रासायनिक खत नाही. सेंद्रिय खत मिसळलेला वाफा आणि वर जाड आच्छादन, एवढ्यावर जे टिकले त्यांना मान्यता मिळाली. त्या यादीत ‘म्युटाबिलिस’, ‘द्युशेर’ हे चिनी, ‘द फेअरी’, ‘सेसिल ब्रुनर’ हे पॉलिअँथा ठळकपणे आहेत. २००० साली आलेला ‘नॉक आउट’ हा आधुनिक झुडपी गुलाबही आहे. टेक्सासात आपल्यासारखा मोसमी पाऊस नाही, तेव्हा ही यादी जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण उष्ण हवेत आणि जड मातीत कुठले रक्त टिकते याबद्दल तिची साक्ष मोलाची आहे. आपल्याकडचा पुरावा आणखी बोलका आहे. ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ हा लाल, सुगंधी गुलाब रुडोल्फ गेश्विंड यांनी ऑस्ट्रिया-हंगेरीत तयार केला आणि तो १८९७ साली बाजारात आला. गेश्विंड होते वन अधिकारी आणि त्यांचा ध्यास थंडी सोसणारे गुलाब काढण्याचा. तरी हा गुलाब भारताच्या मैदानी प्रदेशात रुळला, सुट्या फुलांसाठी शेतात लावला गेला. माणसाने थंडीसाठी निवडले आणि झाडाने उन्हात नाव कमावले, ते त्याच्या वंशावळीत भिनलेल्या चिनी रक्तामुळे. तो नैसर्गिक वाढीने पुरुषभर जातो, पण छाटणीने कमरेएवढा ठेवता येतो.

ही नावे गोंदियाच्या नर्सरीत सांगितली तर विक्रेता गोंधळेल, हे उघड आहे. तिथे रोपे ‘बटन गुलाब’, ‘देशी’, ‘इंग्लिश’ अशाच नावांनी मिळतात. म्हणून नावापेक्षा लक्षणे पाहावीत: घोसाने येणारी रुपयाच्या नाण्याएवढी किंवा थोडी मोठी फुले, बारीक पण भरपूर फांद्या, लहान चकचकीत पाने, आणि बुंध्याशी जोडाची गाठ नसणे. याहूनही सोपा आणि भरवशाचा मार्ग म्हणजे गावातच शोधणे. एखाद्या जुन्या घराच्या सांदवाडीत, देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात कुणी फारसे न पाहताही वर्षानुवर्षे फुलणारे झुडूप असते. त्याने इथलेच पावसाळे आणि इथलेच नवतपे काढलेले आहेत. कुठल्याही विद्यापीठाच्या चाचणीपेक्षा ही चाचणी दवनीवाड्यासाठी अधिक खरी. मालकाला विचारून तिथली काडी आणावी.

काडी म्हणताच कलमाचा कैवार घेणारे उभे राहतील. डोळा भरलेल्या कलमाला राकट खुंटाची मुळे मिळतात, ते जोमाने वाढते, सगळे गुलाबशेतकरी कलमेच लावतात, मग काडीचा मागासपणा कशाला? हरितगृहातल्या किंवा शेतातल्या लागवडीसाठी हे म्हणणे बरोबर आहे. तिथे मातीचा निचरा केलेला असतो, रोज माणूस फिरतो आणि काही वर्षांनी झाडे बदलली जातात. हायब्रिड टी तर स्वतःच्या मुळांवर बहुधा दुबळाच राहतो, त्याला खुंट हवाच. पण अंगणात हिशेब वेगळा आहे. जोडाची गाठ ही पावसाळ्यात बुरशी शिरण्याची आणि फांदीमर सुरू होण्याची सोयीची जागा. वरचा भाग वाळला की खालून खुंटाचे फुटवे येतात, आणि दोन वर्षांनी घरची मंडळी तक्रार करतात की गुलाब ‘जंगली’ झाला. खरे तर त्यांनी आणलेला गुलाब केव्हाच गेलेला असतो आणि राहिलेला असतो तो खुंट. स्वतःच्या मुळांवरचे झुडूप उन्हाने जमिनीपर्यंत वाळले तरी पावसात बुडातून तेच पुन्हा फुटते. चिनी आणि पॉलिअँथा गटातल्या काड्या रुजायला सोप्या. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून, पेन्सिलीएवढ्या जाडीची, नुकतेच फूल येऊन गेलेली फांदी घेऊन तिचा वीतभर तुकडा डोळ्याच्या लगेच खाली कापावा, वरची दोन पाने ठेवावीत, अर्धी वाळू आणि अर्धे गाळलेले शेणखत-माती अशा पिशवीत दोन डोळे गाडून सावलीत ठेवावा. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. पाच काड्यांतल्या दोन जगल्या तरी तोटा काहीच नाही.

आता लागवड. बहुतेक पुस्तिका सांगतात की दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या, त्यात शेणखत आणि माती भरा. मुरमाड, उताराच्या जमिनीत हा सल्ला ठीक. चिकण, सपाट जमिनीत असा खड्डा म्हणजे भोक नसलेले घमेले: भोवतालचे पाणी त्यातल्या मोकळ्या मातीत उतरते आणि तिथेच राहते. चांगल्या हेतूने केलेली ही मशागतच गुलाबाचा घात करते. इथे खाली जाण्यापेक्षा वर यावे, मातीचा ओटा करावा. आधी ऑगस्टात मोठा पाऊस झाल्यावर अंगणात पाणी कुठपर्यंत चढते ती खूण भिंतीवर किंवा खुंटीवर करावी. ओट्याचा माथा त्या खुणेपेक्षा किमान एक-दीड फूट वर यायला हवा. मूळची माती कुदळीने नुसती उकरून तिच्यावर दोन भाग तिथलीच माती, एक भाग जुने शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम असे मिश्रण चढवावे. राईस मिलमधून निघणारा तूस या भागात मुबलक आहे. तो सावकाश कुजतो आणि चिकण माती बराच काळ मोकळी ठेवतो, म्हणून वाळूच्या बरोबरीने घालायला हरकत नाही. तुसाची राख मात्र बेताने, कारण ती माती अल्कधर्मी करते आणि गुलाबाची पाने पिवळी पडतात. कडेला विटा किंवा दगड लावले तर तळाशी पाणी बाहेर पडायला फटी ठेवाव्यात. दोन झुडपांत अडीच-तीन फूट अंतर हवे, नाही तर पाने वाळायला वारा मिळत नाही. चिनी गुलाबाला त्याचा डोंगरउतार आपण परत देतो आहोत, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा अर्थ.

ओटा उंच केला तर तो उन्हाळ्यात लवकर सुकेल, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर तणसाचे. गावात तणीस कमी नाही. फेब्रुवारी संपताना झुडपाभोवती चार बोटे जाड तणीस अंथरले की वरची माती तापत नाही आणि ओल टिकते. बुंध्यापासून मात्र चार बोटे जागा मोकळी ठेवावी आणि मातीत निंबोळी पेंड मिसळावी, म्हणजे उधळी थेट सालीला भिडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर उरलेले तणीस काढून खताच्या खड्ड्यात टाकावे. पाणी रोज शिंपडल्याने मुळे वरच राहतात. एक दिवस सोडून किंवा दोन दिवसांनी, सकाळी, बादलीभर द्यावे म्हणजे ते खाली जाते आणि मुळेही त्याच्या मागे जातात. मार्चनंतर खत देऊ नये, कोवळी फूट काढायला लावू नये. एप्रिल-मेमध्ये चिनी गुलाब फुले लहान करतो, वाढ थांबवतो. तो आजारी नसतो, विसावा घेत असतो, आणि या वेळी त्याला टॉनिक पाजणारेच त्याचे नुकसान करतात. पश्चिमेकडून सावली मिळाली तर उत्तम. कुंडीचा पर्याय सुचवला जातो, पण काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे चारी बाजूंनी भाजतात. ठेवायचीच तर मातीची, मोठी आणि सावलीच्या भिंतीला टेकून ठेवावी.

मुख्य छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर. भर पावसात केलेल्या कापातून बुरशी शिरते. हायब्रिड टीसारखे तोडून काढायचे नाही. मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून बाकीचे झुडूप एकतृतीयांशाने कमी केले की पुरे. सुमारे दीड महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता, पहिला बहर येतो आणि वाळलेले घोस खुडत राहिल्यास मार्चपर्यंत बहर चालू राहतो. ‘पण फूल केवढेसे!’ ही तक्रार खरी आहे. पुष्पगुच्छाचा लांब दांडा या झुडपावर मिळणार नाही, प्रदर्शनात बक्षीसही नाही, आणि ज्याला तेच हवे त्याने हायब्रिड टीमागचे कष्ट आणि फवारणी मुकाट मान्य करावी. देवघरातल्या ताटात मात्र एका मोठ्या फुलाऐवजी रोज मूठभर लहान फुले येतात. आपल्याकडे फूल दांड्यासकट क्वचितच तोडले जाते. मग विकत घेताना दांड्याची लांबी का पाहावी, हे समजत नाही.

राहिला सगळ्यांत कठीण प्रश्न: इतके करण्यापेक्षा कण्हेर, तगर, मोगरा लावला तर काय बिघडले? प्रामाणिक उत्तर हे की काही बिघडत नाही. नुसता कणखरपणा मोजला तर कण्हेर कुठल्याही गुलाबाला हरवेल. गुलाबाची बाजू एवढीच की मोगरा थंडीत गप्प असतो, आणि धान कापून झाल्यावरच्या ज्या तीन-चार महिन्यांत घरात कार्ये असतात आणि परसात फुले कमी, तेव्हा हे झुडूप भरात असते. एका ओट्यावरची तीन-चार झुडपे त्यासाठी पुरतात. पण ज्या अंगणात पोळ्याच्या सुमारास पाणी दोन-तीन दिवस हटत नाही आणि ओटा उंच करायला जागा किंवा माती नाही, तिथे कुठलाही गुलाब, कितीही चिवट घराण्यातला, लावू नये. तिथे कर्दळ लावावी. तिची मुळे साचलेल्या पाण्यातही तग धरतात, आणि तिची लाल-पिवळी फुले नेमकी त्याच दिवसांत येतात.